घमेल्यातली मच्छरदाणी: आफ्रिकेतलं हिवताप संशोधन आणि गावाचा वाटा



पश्चिम आफ्रिकेत गांबिया नदीच्या उत्तर काठावर फाराफेन्नी नावाचं बाजाराचं गाव आहे. १९८० च्या दशकात त्याच्या आसपासच्या खेड्यांत पावसाळ्याच्या सुमारास एक सामुदायिक काम निघत असे. घराघरांतल्या मच्छरदाण्या धुऊन, वाळवून मोकळ्या जागेत आणल्या जात. घमेल्यात मोजून पाणी घ्यायचं, त्यात मोजून परमेथ्रिन हे डासनाशक औषध टाकायचं. मच्छरदाणी त्यात बुडवायची, दाबून दाबून सगळ्या कापडाला द्रावण पाजायचं, हलक्या हातानं पिळायची आणि आडवी पसरून वाळू द्यायची. दोरीवर टांगली तर औषध निथळून खालच्या काठाशी गोळा होतं. म्हणून खाटेवर किंवा चटईवरच पसरायची. काम एवढंच होतं, पण विसाव्या शतकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या लहान मुलांचं मरण कमी करणाऱ्या सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक या घमेल्यातून वर आला.

मच्छरदाणी गांबियात कोणी बाहेरून आणली नव्हती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या तिथल्या केंद्रातले ब्रायन ग्रीनवुड आणि त्यांचे सहकारी खेड्यांत हिंडू लागले, तेव्हा अनेक घरांत ती आधीपासूनच होती. मांडिंका लोकांत तर जाड, पांढऱ्या, आरपार न दिसणाऱ्या कापडाची मच्छरदाणी पसंत केली जाई. कॅरल मॅककॉर्मॅक आणि रॉबर्ट स्नो यांनी १९८६ साली या आवडीनिवडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच खोलीत अनेकजण झोपतात, तिथे जाड कापडानं आडोसा मिळतो. गवताच्या छपरातून पडणारा कचरा अंगावर येत नाही. डास अडतात, हा आणखी एक फायदा. म्हणजे लोकांची कारणं वेगळी आणि डॉक्टरांची वेगळी होती, पण वस्तू एकच होती. नुसत्या मच्छरदाणीचा हिवतापावर फारसा परिणाम दिसत नव्हता. डास फटीतून शिरे, नाहीतर कापडाला टेकलेल्या हाताला बाहेरूनच चावे. मग लोकांचीच मच्छरदाणी घेऊन ती औषधात भिजवावी, म्हणजे कापडावर बसलेला डास तिथेच मरेल, असा विचार पुढे आला.

१९९१ साली पेद्रो अलोन्सो, ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. भिजवलेल्या मच्छरदाण्या वापरणाऱ्या गावांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी घटले होते. हा आकडा अनेक जाणकारांना पटेना. मुलांच्या सर्व मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक एका कापडानं थांबावेत, हे खरं वाटण्यासारखंही नव्हतं.

त्या अविश्वासामागे मोठा इतिहास होता. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. दोन वर्षांनी ते सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला गेले आणि तिथे हा रोग पसरवणारे अॅनोफिलिस डास त्यांनी ओळखले. डबकी बुजवा, पाणी वाहतं करा, असा सल्ला त्यांनी दिला. पण आफ्रिकेतला अॅनोफिलिस गांबिये हा डास गुराच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यात किंवा गाडीच्या चाकोरीत साचलेल्या पाण्यातही वाढतो. अशी किती डबकी बुजवणार? १९५५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं डीडीटीच्या भरवशावर हिवताप निर्मूलनाची जागतिक मोहीम जाहीर केली. तिच्यातून सहाराच्या दक्षिणेकडचा आफ्रिका जवळजवळ वगळलाच गेला. १९६९ साली ती मोहीम आवरती घेण्यात आली आणि त्याच वर्षी उत्तर नायजेरियातल्या गार्की भागात एक मोठा प्रयोग सुरू झाला. घरोघर प्रोपॉक्सर हे कीटकनाशक फवारलं, गावच्या गावाला ठरावीक दिवसांनी औषधाच्या गोळ्या दिल्या. १९७६ पर्यंत काम चाललं. रोग खूप खाली आला, पण शून्यावर कधीच आला नाही, कारण बरेचसे डास चावल्यावर भिंतीवर न विसावता घराबाहेर निघून जात. गोळ्या थांबल्या आणि ताप परतला. आफ्रिकेपुढे हात टेकावे लागतील असा समज त्यानंतर बळावला, आणि पुढची कितीतरी वर्षं पैसा आणि उमेद दोन्ही आटली. या समजाची किंमत मुलांनी दिली, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

म्हणूनच १९९१ चा निष्कर्ष पारखून घेणं भाग होतं. चार मोठ्या चाचण्या झाल्या: गांबियात देशभर, केनियातल्या किलिफीत, घानातल्या नाव्ह्राँगोत आणि बुर्किना फासोतल्या उब्रितेंगात. किलिफीत बालमृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले, नाव्ह्राँगोत १७, उब्रितेंगात १५ टक्क्यांनी. आकडे १९९१ च्या निष्कर्षाइतके मोठे नव्हते, पण चारही ठिकाणी दिशा एकच होती. ख्रिश्चन लेंगेलर यांनी सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा हिशेब निघाला, की मच्छरदाणीचं संरक्षण मिळालेल्या दर १००० मुलांमागे वर्षाला सुमारे साडेपाच जीव वाचतात. पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या आसेंबोत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत मच्छरदाणी नव्हती, पण जी मच्छरदाणीवाल्या वस्तीपासून ३०० मीटरांच्या आत होती, त्यांनाही संरक्षण मिळत होतं. औषधी कापडांनी त्या परिसरातले डासच कमी केले होते. एका घराची मच्छरदाणी शेजाऱ्याच्या मुलालाही राखत होती, आणि पुढे उपयोगी पडलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच ठरला.

तो उपयोगी पडला पैशांच्या वादात. गांबियानं देशभर मच्छरदाण्या भिजवण्याचा कार्यक्रम आखला. दुसऱ्या वर्षी दर मच्छरदाणीमागे सुमारे अर्धा डॉलर आकारायला सुरुवात केली आणि भिजवण्याचं प्रमाण धाडकन कोसळलं. तरीही पुढची दहा-पंधरा वर्षं वाद चालूच राहिला. फुकट मिळालं की माणूस किंमत ठेवत नाही, पैसे मोजले तरच वस्तू वापरतो, असं एका बाजूचं म्हणणं. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं, आणि आपल्याकडेही सरकारी दवाखान्यांच्या चर्चेत ते सतत कानावर येतं. जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते तपासायचं ठरवलं. पश्चिम केनियातल्या गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांत वेगवेगळ्या दरांनी मच्छरदाण्या ठेवल्या. कुठे फुकट, कुठे थोडे पैसे, कुठे जरा जास्त. किंमत शून्यावरून साठ सेंटवर नेली, तेव्हा घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी घसरलं. नंतर घरी जाऊन पाहिलं, तर फुकट मिळालेली मच्छरदाणीही विकत घेतलेलीइतकीच खाटेवर टांगलेली होती.

केनियाच्या सरकारनं २००६ मध्ये लाखो मच्छरदाण्या मोफत वाटल्या. ज्या चार जिल्ह्यांत अब्दिसलान नूर आणि सहकारी पाहणी करत होते, तिथे औषधी मच्छरदाणीत झोपणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण २००४ साली ७ टक्क्यांच्या आसपास होतं. २००६ अखेर ते ६७ टक्क्यांवर गेलं, आणि सर्वांत मोठी उडी सर्वांत गरीब घरांनी मारली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मोफत किंवा भरघोस सवलतीनं सर्वांना वाटपाचा पुरस्कार केला. पुढे समीर भट्ट आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१५ या काळाचा हिशेब मांडला. आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी आजार टळले होते आणि त्यातले ६८ टक्के मच्छरदाणीमुळे.

मच्छरदाणी रोग टाळते. पण ताप आलाच तर मूल दवाखान्यात कधी पोहोचतं? इथे टांझानियातला एक शब्द समजून घ्यायला हवा: ‘देगेदेगे’. स्वाहिलीत ‘न्देगे’ म्हणजे पक्षी. मुलाला ताप चढतो, डोळे फिरतात, अंगाला आचके येतात, तेव्हा पक्ष्याच्या रूपातला आत्मा मुलाला बाधला असं मानलं जाई. बागामोयो जिल्ह्यात १९९० च्या दशकात पीटर विंच आणि टांझानियन सहकाऱ्यांनी तापांची स्थानिक नावं गोळा केली. त्यातून उलगडलं ते असं: ‘होमा या मलेरिया’ म्हणजे साधा ताप, त्याला दवाखान्याची गोळी चालते. देगेदेगे हा निराळाच आजार, त्याला वैदूच हवा, आणि त्यात सुई टोचली तर मूल दगावतं. वैद्यकाच्या दृष्टीनं मात्र देगेदेगे हे बहुतेक वेळा मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापाचं लक्षण. म्हणजे ‘ताप आल्यास मलेरियाची गोळी घ्या’ हा फलक सर्वांत धोक्यातल्या मुलाच्या आईला उद्देशून नव्हताच. आपल्या खेड्यांत मुलाला आचके आल्यावर ‘बाहेरचं काही’ समजून अंगारा लावणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बागामोयोची आई परकी वाटणार नाही. वैदूंशी बोलून, त्यांनी मूल पुढे पाठवावं अशी वाट काढणं हा मग आरोग्याच्या कामाचाच भाग झाला.

इथिओपियातल्या तिग्रायमध्ये आईवर याहून मोठी भिस्त ठेवली गेली. हा डोंगराळ प्रदेश. १९९० च्या दशकात यादवी युद्धातून नुकताच बाहेर आलेला, आरोग्य केंद्रं लांब. गेब्रेयेसुस किदाने आणि रिचर्ड मॉरो यांनी २४ ‘ताबिया’ म्हणजे गावांचे समूह निवडले. बारांत नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. उरलेल्या बारांत गावातल्याच काही आयांना शिकवलं, आणि त्यांनी शेजारपाजारच्या आयांना शिकवायचं: ताप कसा ओळखायचा, क्लोरोक्विनची गोळी लगेच कशी सुरू करायची, कोणत्या वयाला किती. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणून मात्रा चित्रांनी दाखवली. १९९७ हे पूर्ण वर्ष मोजदाद झाली. आयांकडे गोळ्या दिलेल्या भागात पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे सुमारे ३० मृत्यू झाले, दुसऱ्या भागात ५०. म्हणजे ४० टक्क्यांची घट. इमारत नवी नव्हती, डॉक्टर वाढला नव्हता. गोळी दवाखान्याच्या कपाटातून निघून आईच्या हाती आली होती. ‘लॅन्सेट’नं हे २००० साली छापलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच नियतकालिकात गडचिरोलीहून अभय बंग आणि सहकाऱ्यांचा नवजात बालकांच्या घरोघरच्या उपचारांवरचा अभ्यास आला होता. त्यातही गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनी डॉक्टरांचं समजलं जाणारं काम करून दाखवलं होतं. तिग्राय आणि गडचिरोली ही नावं एका दमात घ्यावीत अशीच आहेत.

क्लोरोक्विन पुढे निकामी झालं, परजीवीनं त्याला दाद देणं सोडलं. रीत मात्र टिकली. आज सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत आरोग्य कार्यकर्ते दारोदार जाऊन लहान मुलांना महिन्यातून एकदा प्रतिबंधक औषध देतात. पहिल्या दिवशीचा डोस त्यांच्यासमोर, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीची गोळी आईनं द्यायची. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत मान्य केली आणि २०२३ पर्यंत ती पाच कोटींहून अधिक मुलांपर्यंत पोहोचली. या सगळ्या डोलाऱ्याचा दोन तृतीयांश भाग आईच्या लक्षात राहण्यावर उभा आहे.

आता परवानगीचा प्रश्न. मुलाचं रक्त घ्यायचं, नवी लस टोचायची, तर ‘हो’ कुणी म्हणायचं? माली देशातले ओगोबारा डूंबो यांनी आयुष्यभर याचा विचार केला. ते डोगोन समाजातले, वैदूच्या घराण्यातले. बामाकोत त्यांनी उभं केलेलं हिवताप संशोधन केंद्र जगात नावाजलं गेलं. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली गावाची परवानगी कशी घ्यावी याची रीत लिहून ठेवली. आधी गाव समजून घ्या: इथे कोणाचा शब्द चालतो? मग मुखियाची आणि वडीलधाऱ्यांची भेट. मालीत अशा भेटीला जाताना कोला फळं नेतात, आपल्याकडे पानसुपारी पुढे करावी तशी. मग गावाची बैठक. मग कुटुंबप्रमुख, बायकांच्या संघटना, वैदू. एवढं झाल्यावर एकेका आईवडिलांची स्वतंत्र संमती, आणि गावानं मान्य केलं तरी घराला नाही म्हणायची मुभा. शेवटचा मुद्दा डूंबोंच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा: मिळालेली परवानगी कायमची नसते, ती पुन्हापुन्हा घ्यायची असते. या सगळ्यात महिने जातात आणि पैसे देणाऱ्या संस्थांना घाई असते. पण किलिफीसारख्या ठिकाणी संशोधक मुलांचं रक्त विकतात अशा अफवा उठल्या, तेव्हा कामाला आले ते असेच जपलेले संबंध. तिथल्या केंद्रानं रहिवाशांचे प्रतिनिधी नेमून घेतले आणि त्यांच्यामार्फत लोकांचे प्रश्न ऐकण्याची पद्धत बसवली.

आणि याच पायावर लस आली. पहिली लस, आरटीएस,एस, १९८७ पासून घडत होती. सात आफ्रिकी देशांत पंधरा हजारांवर मुलांनी तिच्या अंतिम चाचणीत भाग घेतला. २०१९ मध्ये मलावी, घाना आणि केनियात तिचा पथदर्शी वापर सुरू झाला आणि ६ ऑक्टोबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. दुसरी लस, आर२१, ऑक्सफर्ड विद्यापीठात एड्रियन हिल यांच्या गटानं घडवली. बुर्किना फासोतल्या नानोरो गावात हालिदू तिंतो यांच्या केंद्रानं ४५० मुलांवर ती तपासली. प्रतिसाद वाढवणाऱ्या घटकाची मात्रा जास्त असलेल्या गटात वर्षभरात ७७ टक्के परिणामकारकता दिसली. नंतर चार देशांतल्या ४८०० मुलांवरच्या चाचणीत, पावसाळी हिवतापाच्या भागात ती ७५ टक्के आणि बारमाही भागात ६८ टक्के भरली. ही लस पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट बनवते. तिच्यातला प्रतिसाद वाढवणारा घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून होतो. आपल्या रिठ्याला फेस आणणारं द्रव्य त्याच जातीचं. बुर्किना फासो आणि पुणे यांचं नातं याहून जुनं आहे. डिसेंबर २०१० मध्ये मेंदूज्वराच्या एका प्रकारावरची, खास आफ्रिकेसाठी स्वस्तात बनवलेली लस तिथेच पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली, आणि तीही सिरमचीच होती.

आर२१ ची किंमत २०२३ मध्ये डोसमागे दोन ते चार डॉलरच्या दरम्यान होती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तिची शिफारस झाली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती नेहमीच्या लसीकरणात दाखल झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण डोस चार आहेत. पहिले तीन पाचव्या महिन्यापासून महिन्यामहिन्यानं, म्हणजे इतर लसींच्या नेहमीच्या फेऱ्यांत ते सगळे बसत नाहीत, आणि चौथा वर्षभरानं. तोवर मूल चालायला लागलेलं असतं, पाठीवर दुसरं असतं, शेतात खुरपणी चालू असते. चौथ्या डोसाला आई येते का, यावर पुढच्या दहा वर्षांतलं संशोधन व्हायला हवं. बुर्किना फासो आणि मालीत झालेल्या चाचणीनं एक वाट दाखवलीही आहे: आरटीएस,एस लस आणि पावसाळी गोळ्या दोन्ही दिल्या, तेव्हा नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत हिवताप आणखी ६० टक्क्यांहून अधिक घटला.

लढाई संपायला अजून फार अवकाश आहे. २०२३ साली जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं मेली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि तिथल्या मृतांत दर चारांतली तीन पाच वर्षांखालची मुलं. मच्छरदाणीवरच्या परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांना डास सरावले. त्यावर क्लोरफेनापायर हे दुसरं औषध जोडलेली मच्छरदाणी टांझानियातल्या मिसुंग्वीत दोन वर्षं तपासली गेली, मुलांतला हिवताप ४४ टक्क्यांनी कमी झाला आणि २०२३ मध्ये ती मान्य झाली. रवांडा, युगांडा, टांझानियात आर्टेमिसिनिन या आजच्या मुख्य औषधाला परजीवी अंशतः दाद देईनासा झाला आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि अनेक देशांतली मच्छरदाण्यांची, फवारणीची कामं अधांतरी राहिली.

यात एक नवं संकट असं आहे, की ते महाराष्ट्राला चांगलं ओळखीचं आहे. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः खेड्यांचा. शहरातल्या घाण पाण्यात गांबिये डास सहसा टिकत नाही. २०१२ साली जिबुतीत अॅनोफिलिस स्टिफेन्सी सापडला. हा दक्षिण आशियातला, शहरात रमणारा डास, मुंबईतल्या हिवतापाचा प्रमुख वाहक. तो पिंपात, विहिरीत, गच्चीवरच्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि पाऊस नसतानाही वाढतो. त्या वर्षी जिबुतीत हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ७३ हजारांहून अधिक. पुढे तो इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना असा सापडत गेला. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ साली ऐन कोरड्या हंगामात साथ आली आणि फित्सुम तादेसे यांच्या गटानं तिचा माग याच डासापर्यंत नेला.

मुंबईत या डासाशी शंभर वर्षांहून अधिक काळ झुंज चालू आहे. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईच्या हिवतापावरचा अहवाल १९११ चा. विहिरी झाकायच्या की नाही यावर तेव्हा धर्मभावना दुखावण्यापर्यंत वाद झाले. टाकीला घट्ट बसणारं झाकण, ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीला जाळी, टाकीपर्यंत चढायला शिडी, विहिरीत गप्पी मासे, बांधकामावरच्या मजुरांची रक्ततपासणी, ऐकत नसेल त्या सोसायटीला नोटीस: महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या माणसांनी हे सगळं गच्चीगच्चीवर चढून शिकलेलं आहे. बंद दार कसं उघडून घ्यायचं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी कसं बोलायचं, हे त्यात आलं. फाराफेन्नी, तिग्राय आणि बामाको इथे लोकांच्या दारात उभं राहून जे ज्ञान मिळालं, त्याच जातीचं हे ज्ञान आहे, आणि त्यातलं बरंचसं कुठेही छापलेलं नाही. हे काम केलेली कितीतरी निवृत्त माणसं आज मुंबई, ठाणे, पनवेलमध्ये आहेत. त्यांनी ते लिहून काढावं, महापालिकेनं आणि आपल्या विद्यापीठांनी ते जिबुतीच्या आणि दिरे दावाच्या आरोग्य खात्यांपर्यंत पोहोचवावं, आणि हे काम येत्या वर्ष-दोन वर्षांत व्हावं, एवढी विनंती या व्यासपीठावरून करतो.